चेहरा मुका झाला तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला आपल्यापैकी कोणीतरी आपल्याला ठाऊक असलेल्या विषयावर चार शब्द बोलते. कोणी लोणच्या-पापडांवर बोलले, कोणी बचतीवर, कोणी पंढरीच्या वारीवर. या वर्षी चिटणीसबाईंनी माझे नाव घातले, तेव्हा मी म्हटले, "मला हो काय सांगता येणार?" त्या म्हणाल्या, "तुमचे तोंड वाकडे झाले होते, ते सरळ झाले. मधले दिवस कसे काढलेत, तेवढेच सांगा." असा हा विषय ठरला. मला भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

आपल्याकडे या दुखण्याला 'तोंडावरून वारे गेले' असे म्हणतात. आयुर्वेदात तोंड वाकडे होण्याला 'अर्दित' असे जुने नाव आहे. डॉक्टर 'बेल्स पाल्सी' म्हणतात. चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश शल्यवैद्याने १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे नसांविषयी निबंध ठेवला, त्यावरून हे नाव पडले. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. त्यांतली सातवी चेहरा हलवते. माझे शिक्षण सातवीपर्यंत आणि माझी बिघडलेली नसही सातवीच, असे मी नंतर गमतीने म्हणत असे.

ही नस कानाच्या मागे हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून चेहऱ्यावर येते. तिला सूज आली, की हाडाचा बोगदा काही फुगत नाही. मग नस आत दाबली जाते आणि त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो. सूज का येते, याचे नेमके कारण बहुतेक वेळा सापडत नाही. अंगात पूर्वीपासून लपून बसलेल्या एखाद्या विषाणूने डोके वर काढल्यामुळे येत असावी, असे तज्ज्ञांना वाटते. मधुमेह असणाऱ्यांत आणि गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत हे दुखणे अधिक दिसते. दर लाख वस्तीत वर्षाला साधारण १५ ते ३० माणसांना ते होते. म्हणजे तीन लाख वस्तीच्या तालुक्यात दर वर्षी पन्नास-पाऊणशे घरांत हा प्रकार घडतो. एवढे साधे दुखणे असून आपण त्याविषयी कुजबुजतो, म्हणून मी आज ते मोठ्याने सांगणार आहे.

मला ते २०२३ सालच्या भाद्रपदात झाले. गौरी बोळवल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी चूळ भरली, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप खाली. चहाचेही तेच. आरशात पाहिले, तर डावा गाल पडलेला आणि डावा डोळा मिटेना. ह्यांनी मला तशीच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी दोन्ही हात उचलायला लावले, बोलायला लावले, मग म्हणाले, "भुवया वर करा." उजव्या बाजूच्या कपाळाला आठ्या पडल्या, डावी बाजू कोरी राहिली. ते म्हणाले, "कपाळही हलत नाही, त्या अर्थी बिघाड मेंदूत नसून नसेत दिसतो." पण भगिनींनो, ही परीक्षा घरी करीत बसू नका. तोंड अचानक वाकडे झाले, त्यातून हातापायातली शक्ती गेली किंवा जीभ अडखळू लागली, तर एक क्षण न दवडता इस्पितळ गाठावे. निवाडा डॉक्टरांनी करावा. या नसेच्या दुखण्यातसुद्धा सूज उतरवणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. त्या गोळ्यांनी साखर वाढते, म्हणून मधुमेह असल्यास आधी सांगावे.

डोळ्याची काळजी ही सगळ्यांत मोठी. पापणी मिटत नाही, म्हणून बुबुळ कोरडे पडून जखम होण्याची भीती असते. मी दिवसभर थेंब घालीत असे, रात्री मलम घालून वर चिकटपट्टी लावीत असे. फोडणीच्या वेळी चष्मा घालून लांब उभी राहत असे. गोळ्यांचा आणि डोळ्याचा भाग डॉक्टरांनी नीट सांगितला. मनाचे काय करायचे, ते मात्र चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. आजचे माझे बोलणे त्याविषयी आहे.

या दुखण्यात वेदना फार नसतात. कानामागे दोन दिवस ठणकले, तेवढेच. माणूस हिंडते, फिरते, भाकरी थापते, कपडे धुते. त्यामुळे घरच्यांना वाटते, हिला काही होत नाही. पण चेहरा म्हणजे आपले दार. येणाऱ्याला 'या' म्हणण्याआधी चेहरा 'या' म्हणतो. ते दार अर्धे बंद पडले, की आत काय चालले आहे ते बाहेर कळत नाही. मी हसले तर तोंड आणखी वाकडे होई. लोकांना वाटे, ही वेडावते आहे. मी गप्प बसले तर वाटे, ही रागावली आहे. बोलायला जावे तर शाळेत शिकलेले ओष्ठ्य वर्ण नेमके दगा देत. प, फ, ब, भ, म! 'पापड' म्हणताना ओठातून नुसता वारा जाई. आपण मराठी बायका दिवसात किती वेळा 'बाई', 'भाजी', 'मुलं', 'पाणी' म्हणतो, ते मला तेव्हा कळले.

या सगळ्यातली एकच गोष्ट सांगते. तिने मला मार्ग दाखवला.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांना ऐकायला फार कमी येते. कानातले यंत्र त्यांना सोसत नाही. त्यामुळे गेली कित्येक वर्षे आमचा निम्मा संसार चेहऱ्यानेच चालतो. मी स्वयंपाकघराच्या दारातून हसले, की चहा झाला. भुवई उचलली, की 'आणखी हवे का?' डोळे मोठे केले, की 'औषध घ्यायचे राहिले.' दुखणे आले त्या दिवशी घरात धांदल उडाली. जो तो डॉक्टरांशी बोलला, फोनवर नातेवाइकांशी बोलला. सासूबाईंना कोणीतरी 'नसेला सूज आली आहे' असे सांगितले. त्यांना किती ऐकू आले, देव जाणे. त्यांना दिसला तो माझा थिजलेला चेहरा.

हळूहळू त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागायचा सोडला. आपली कपबशी आपणच विसळू लागल्या. जेवताना अर्ध्या भाकरीवर हात धुऊ लागल्या. मला वाटले, वयामुळे भूक मंदावली असेल. नवरात्रात माझी नणंद माहेरपणाला आली, तेव्हा सासूबाई तिला सांगत होत्या. ज्यांना कमी ऐकू येते त्यांचे हळू बोलणेही मोठे असते, म्हणून मला माजघरात ऐकू आले. त्या म्हणाल्या, "मी आता हिला जड झाले गं. तोंडाने बोलत नाही बिचारी, पण तोंडावर दिसतं."

मैत्रिणींनो, तोंड वाकडे झाल्याचे दुःख मी तोवर कसेबसे गिळले होते. हे मात्र गिळवेना. रात्री सगळे निजल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. ओरडून सांगावे, तर ओठ साथ देत नव्हते. मी त्यांचा हात घेतला आणि माझ्या उजव्या गालावर ठेवला. मग हसले. गाल वर गेला. मग तोच हात डाव्या गालावर ठेवला आणि पुन्हा हसले. गाल तसाच पडून राहिला. त्यांनी दोनदा, तीनदा चाचपून पाहिले. मग दोन्ही हातांनी माझे तोंड धरून म्हणाल्या, "म्हणजे डाव्या बाजूनेही रागावलेली नाहीस ना?" आम्ही दोघीही हसलो आणि दोघीही रडलो. दुसऱ्या दिवसापासून त्या जेवायला माझ्या उजव्या हाताला पाट मांडू लागल्या. म्हणाल्या, "मी आपली तुला इकडून बघते." आणि भाकरी पुरी संपवली.

त्या रात्री माझ्या ध्यानात आले, की चेहऱ्याने सांगायचे ते चेहरा सांगत नसेल, तर ते दुसऱ्या कशाने तरी सांगितले पाहिजे. हाताने सांगावे, शब्दाने सांगावे, पाटीवर लिहून सांगावे. लोकांनी ओळखून घ्यावे म्हणून वाट पाहत बसू नये. मी मग सरळ बोलून दाखवू लागले. "मी हसते आहे बरं का." "मला आनंद झाला आहे." "आज मन उदास आहे, तुमच्यावर राग नाही." आपल्या घरांत बायकांना अशी भाषा बोलायची सवय नसते. आधी लाज वाटली. पण तोंड सरळ झाल्यावरही आमच्या घरात ती चाल टिकली आहे. आता ह्यांनाही कधीकधी म्हणावे लागते, "आज दुकानात त्रास झाला, तुझ्यावर राग नाही."

बाहेरच्यांसाठी मी एक वाक्य तयार ठेवले. ते मला शेजारच्या चार वर्षांच्या मुलाने दिले. त्याने विचारले, "काकू, तुझा एक गाल झोपला आहे का?" मी म्हटले, "हो रे, झोपला आहे. उठेल हळूहळू." त्याचे समाधान झाले आणि तो खेळायला पळाला. पुढे कोणी टक लावून पाहू लागले, की मीच आधी सांगे, "नसेला सूज आली आहे, गाल झोपला आहे, उठेल. दुखत नाही." आणि लगेच दुसरा विषय काढी. प्रश्न येण्याआधी उत्तर दिले, की मनावरचे ओझे निम्मे होते.

आरशाचाही मी नियम केला. दिवसातून दोन वेळा, डॉक्टरांनी दाखवलेला हलका व्यायाम करण्यापुरता आरसा हातात घ्यायचा. एरवी त्याच्याकडे जायचे नाही. कुंकू मी सवयीने न बघता लावू शकते, तसेच लावीत असे. रोज उठून 'आज काही हलते का' हे पाहण्याने जीव थकतो. म्हणून मी फक्त रविवारी तपासत असे आणि कालनिर्णयच्या रविवारच्या चौकटीत दोन शब्द लिहीत असे. पहिल्या रविवारी लिहिले, "काही नाही." दुसऱ्या रविवारी, "काही नाही." तिसऱ्या रविवारीही तेच.

तो तिसरा रविवार फार जड गेला. माझी भाची परिचारिका आहे. तिने मला धीर यावा म्हणून अभ्यासातले आकडे वाचून दाखवले होते. २००२ साली डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात औषध न घेतलेल्या रोग्यांपैकी १०० मागे ८५ जणांत तीन आठवड्यांच्या आत सुधारणा सुरू झाली होती आणि १०० मागे ७१ जणांचा चेहरा पूर्ववत झाला होता. २००७ साली स्कॉटलंडमधल्या सुमारे ५०० रोग्यांच्या अभ्यासात, वेळेवर गोळ्या घेतलेल्यांपैकी १०० मागे ९४ जण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. गोळ्या न घेतलेल्यांत तो आकडा ८२ होता. हे आकडे ऐकून दोन आठवडे बरे वाटले. तिसऱ्या आठवड्याला वाटू लागले, मी त्या ८५ मध्ये नाही, पुढच्या १५ मध्ये आहे. राहिले तोंड असेच, तर?

तेव्हा मला ललिताबाई पवार आठवल्या. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकाराची चापट जोराने बसली आणि त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. सुमारे तीन वर्षे उपचार झाले, तरी डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेची कामे गेली. पण त्या घरी बसल्या नाहीत. १९५५ च्या 'श्री ४२०' मधली केळेवाली त्यांचीच, १९५९ च्या 'अनाडी' मधली मायाळू मिसेस डिसाही त्यांचीच, आणि पुढे १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'रामायणा'तली मंथराही त्यांचीच. ज्या डोळ्यामुळे नायिकेची कामे गेली, तोच डोळा घेऊन त्या चाळीस वर्षांहून अधिक काळ पडद्यावर उभ्या राहिल्या.

भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली. कॅनडाचे माजी पंतप्रधान जाँ क्रेत्येन यांना लहानपणी हेच दुखणे झाले आणि तोंडाची एक बाजू कायमची अधू राहिली. १९९३ सालच्या निवडणुकीत विरुद्ध पक्षाने जाहिरातीत त्यांच्या चेहऱ्याकडे बोट दाखवले. लोकांना ते इतके लागले, की जाहिरात मागे घ्यावी लागली. क्रेत्येन निवडून आले आणि दहा वर्षे पंतप्रधान राहिले. मी मनाशी म्हटले, पंतप्रधान वाकड्या तोंडाने देश चालवू शकतो, तर मला माझे घर आणि मंडळाची भिशी चालवायला काय हरकत आहे? पुढच्या बैठकीला मी आले. आपण सगळ्यांनी मला हिशेब वाचायला लावला. 'पाचशे पंचावन्न' म्हणताना माझी फजिती झाली आणि आपण सगळ्या हसलो. माझ्या जखमेला हात न लावता तुम्ही मला हसवलेत. त्या हसण्याचे उपकार मी विसरले नाही.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे माझ्या पाचव्या रविवारी, मी चौकटीत लिहिले, "ओठाचा कोपरा हलला." दिवाळीत डोळा मिटू लागला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला 'तिळगूळ घ्या, गोड बोला' हे सगळे शब्द नीट म्हणता आले. २०२४ च्या गुढीपाडव्यापर्यंत कपाळाला पुन्हा आठ्या पडू लागल्या. आयुष्यात आठ्या पडल्याचा आनंद मी एकटीनेच केला असेल! अजूनही फार दमले, की हसताना डावा डोळा किंचित बारीक होतो. नस परत जुळताना असे कधीकधी होते म्हणतात. तो आता माझाच आहे.

आता शेवटी आपणा शेजारणींसाठी चार गोष्टी. अशा दुखण्याची बाई दिसली, तर "अगं बाई, हे काय झालं तोंडाला!" असे रस्त्यात ओरडू नये. तिला आपले तोंड माहीत असते. मागच्या जन्मीचे पाप, कोणाची नजर, ग्रहण, असले बोलू नये. सुजलेल्या नसेला पापपुण्य कळत नाही. पारव्याचे रक्त, जोराचे मर्दन असले उपाय सुचवू नयेत. विजेच्या झटक्याच्या यंत्राचाही फायदा नीट सिद्ध झालेला नाही. जो व्यायाम करायचा, तो डॉक्टरांना विचारून करावा. तिच्याशी बोलताना नजर चुकवू नये आणि टक लावूनही पाहू नये. पूर्वी बोलत होतो तसेच बोलावे. तिचे बोलणे समजले नाही, तर समजल्यासारखी मान न हलवता "पुन्हा सांग" म्हणावे. आणि तिला बोलावणे करावे. त्या काळात एका लग्नात फोटोच्या वेळी एकीने माझा दंड धरून मला हलकेच कडेला केले. तिच्या मनात वाईट नसेलही. पण दंडावरचा तो हात मला अजून आठवतो. हळदीकुंकवाला, बारशाला, फोटोला तिला मधोमध उभी करा. हसायचे की नाही, ते तिचे ती ठरवील.

आणि ज्या बहिणीवर हा प्रसंग येईल तिला सांगते. रडू आले तर रडावे. पण झोप उडाली, अन्न जाईना, जगण्यात गोडी वाटेना असे दोन आठवडे चालले, तर तेही डॉक्टरांना सांगावे. ते नसेच्या दुखण्याइतकेच खरे दुखणे आहे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली 'टेलिमानस' सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला, तर पैसे न पडता मनाविषयी बोलता येते. तेही दूरचे वाटत असेल, तर माझे घर आपणा सर्वांना ठाऊक आहे. दुपारी तीननंतर मी मोकळी असते. चहा उजव्या कोपऱ्याने कसा प्यायचा, ते मी दाखवीन.

 सासूबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना यातले फारसे ऐकू आलेले नाही. घरी गेल्यावर त्यांना सगळे पुन्हा सांगायचे आहे, म्हणून येथेच थांबते.